सडपातळ रशियन घडीचा चाकू: कोकणपट्टीच्या दमट हवेत तो कसा राखायचा

ऐरोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: रशियन आराखड्याचा, टायटॅनियमच्या मुठीचा, बेअरिंगवर फिरणारा बारीक अंगाचा घडीचा चाकू आहे. पातं एम३९० पोलादाचं, साधारण साडेआठ सेंटिमीटर लांब, फ्रेमलॉकचा, म्हणजे उघडलेलं पातं मुठीतूनच कापलेली एक पट्टी अडवून धरते. मे महिन्यात बोटाच्या एका दाबाने उघडायचा. जुलैपासून उघडताना खरखर लागते, कधी अर्ध्यात अडतो, आणि बंद करताना लॉक चिकटून बसतो. धार कुठे लावायची, तेल कोणतं घालायचं, आणि असा चाकू खिशात घेऊन लोकलने फिरावं का?

आधी या चाकूचं मर्म सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरून ठरतं. अशा चाकूची खरी किंमत त्याच्या जाडीत, म्हणजे जाडी नसण्यात आहे. पातं पाठीवर ३ मिलिमीटर आणि धारेच्या लगेच मागे ०.३ मिलिमीटर, मूठ बंद असताना एका बोटाच्या रुंदीहून कमी. इतक्या पातळ पत्र्यात बेअरिंगसाठी खाचा कोरायच्या, लॉकची पट्टी कापायची, आणि तरी पातं मधोमध बसवायचं, याला कारखान्याचा हात फार नेमका लागतो. रशियातल्या 'तुला' (Tula) नावाच्या शहरात ही परंपरा जुनी आहे. मॉस्कोच्या दक्षिणेला असलेल्या या शहरात पीटर द ग्रेटने १७१२ मध्ये सरकारी शस्त्रशाळा काढली. अठराव्या शतकात तिथल्या बंदूक-कारागिरांनी पोलादाचं नक्षीकाम आणि फर्निचरसुद्धा केलं. शिरोगोरोव बंधूंची कार्यशाळा याच शहरातली, आणि आज सडपातळ रशियन फ्लिपर (पात्याच्या मुळाशी बाहेर आलेलं टोक बोटाने दाबून उघडायचा चाकू) म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तिचाच एफ९५ येतो. जाडी कमी म्हणजे चुकीला जागाही कमी. जाड चाकूत खपून जाणारा कचरा, जास्त आवळलेला स्क्रू, निष्काळजी सहाण या चाकूत लगेच बोटाला कळते.

आता 'उघडत नाही' याकडे. चाकू खोलण्याआधी तो तुम्ही धरता कसा ते तपासा. उजव्या हाताच्या फ्रेमलॉकमध्ये लॉकची पट्टी बोटांच्या बाजूला येते. मूठ पातळ असली की बोटं पलीकडून वळून नेमकी त्या पट्टीवर दाब देतात. पट्टीच्या आतल्या अंगाला एक बारीक गोळी बसवलेली असते, डिटेंट. चाकू बंद असताना ती पात्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात बसते आणि पातं धरून ठेवते. बोटांनी पट्टी दाबली की गोळी खळग्यात आणखी रुतते, मग कितीही जोर लावा, पातं हलत नाही. बोटं खिशाला अडकवायच्या क्लिपवर किंवा पट्टीच्या कापाच्या वर ठेवून पाहा. 'चाकू बिघडला' अशा तक्रारींतल्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. तुमच्या बाबतीत मात्र खरखरही आहे, म्हणजे बेअरिंग उघडून पाहावंच लागेल.

खरखरीला आपल्याकडे ठरलेली कारणं आहेत. ठाणे-नवी मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्या चार महिन्यांत हवा सतत दमट असते, आणि ऐरोली-वाशीला तर खाडीची खारट हवा वेगळी. खिशातल्या कपड्याचे धागे, घामातलं मीठ आणि जुनं तेल मिळून करड्या रंगाचा लगदा होतो. बेअरिंगच्या गोळ्या साध्या क्रोम पोलादाच्या असतील, म्हणजे कारखान्यात ज्याला ईएन३१ म्हणतात तसल्या, तर त्या गंजतात. ती तांबूस भुकटी खरखरते. गोळ्या सिरॅमिकच्या असतील तर त्या स्वतः गंजत नाहीत, पण ज्या पोलादी वॉशरवर त्या फिरतात तो गंजू शकतो. टायटॅनियम गंजत नाही. म्हणून मूठ लख्ख दिसते आणि माणूस आत काही झालंय हे मानायला तयार होत नाही.

खोलण्यासाठी टी६ आणि टी८ मापाचे टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीच्या आकाराचे) बिट लागतात. बिट चांगल्या पोलादाचेच घ्या, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सुटे मिळतात. मोबाइल दुरुस्तीच्या स्वस्त संचातला टी६ दोन वेळा फिरवला की त्याचे कोपरे झिजतात आणि स्क्रूचं तोंडही खराब करतो. तुला शहरात बनलेल्या काही मॉडेलांचा पिव्हट, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तो मुख्य स्क्रू, खास आकाराचा असतो आणि त्याला त्याचं स्वतःचं हत्यार लागतं. ते नसेल तर पक्कड लावू नका, पुढे सांगतो तशी न खोलता सफाई करा. तसंच त्या कार्यशाळेच्या वरच्या मॉडेलांमध्ये बेअरिंगच्या गोळ्या एकाच वर्तुळात नसून अनेक ओळींत मांडलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक ओळ वॉशरवर आपली वेगळी वाट झिजवते. तसल्या पिंजऱ्यातून (गोळ्या धरून ठेवणाऱ्या चकतीतून) गोळी निसटली तर फरशीवर सापडणं कठीण.

पांढरा टॉवेल पसरा, कडा असलेलं ताट ठेवा, आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. आधी क्लिप, मग मुठीचे स्क्रू, शेवटी पिव्हट. स्क्रू अजिबात हलत नसेल तर त्यावर कारखान्याचं थ्रेडलॉकर (स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) आहे असं समजा. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा, ते नरम पडतं. जोर वाढवणं हा उपाय नाही. पातळ मुठीत स्क्रूला जेमतेम तीन-चार आटे मिळतात आणि ते गेले की चाकू गेला. बेअरिंगचा पिंजरा काढताना कोणती बाजू पात्याकडे होती ते लिहून ठेवा, कारण पुष्कळ पिंजऱ्यांत गोळ्या एका बाजूला जास्त बाहेर आलेल्या असतात. उलटा बसला तर चाकू फिरतो, पण घट्ट आणि बेसूर.

औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. पिंजरे एका छोट्या वाटीत त्यात दहा मिनिटं बुडवून हलवा, पिव्हटचं भोक, वॉशर आणि डिटेंटची गोळी कापसाच्या काडीने पुसा, सगळं पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. वॉशरवर नख फिरवा. बारीक खड्डे लागले तर गंज आत गेलाय आणि वॉशर बदलावा लागेल. नुसता डाग असेल तर तो पुसला जाईल.

तेलाबद्दल लोकांचा हात फार सैल असतो. प्रत्येक पिंजऱ्याला एक थेंब, तोही सुईच्या टोकाने, बस्स. जास्त तेल धूळ ओढतं, आणि महिनाभरात तुम्ही पुन्हा तिथेच. शिलाई मशीनचं हलकं तेल चालतं. या चाकूने फळं कापणार असाल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घ्या. ते पोटात गेलं तरी चालणारं आहे, खवट होत नाही. खोबरेल तेल नको. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे चाकू पुन्हा अडणार. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला आणि घाण सैल करायला उत्तम आहे, पण वंगण म्हणून त्यावर विसंबू नका. ते वापरलं तर नंतर पुसून खरं तेल घाला. डिटेंटच्या गोळीला मात्र तेलाचा स्पर्श हवाच. तिची पात्यावरची वाट कोरडी राहिली की तिथे रेघ पडत जाते आणि उघडण्याचा झटका बोथट होतो.

जोडताना मुठीचे स्क्रू आधी हलकेच लावा, मग पिव्हट, मग मुठीचे पुन्हा आवळा. पिव्हट इतकाच आवळायचा की पातं आडवं हलणार नाही, आणि लॉक सोडल्यावर स्वतःच्या वजनाने खाली येईल. दोन्ही एकाच वेळी जमत नसेल तर आडवा हलका खेळ घालवणं महत्त्वाचं, स्वतःहून मिटणं ही चैन आहे. पातं एका बाजूला झुकलेलं दिसलं तर पिव्हट अष्टमांश वळसा ढिला करून मूठ दोन्ही बाजूंनी दाबा आणि पुन्हा आवळा. सगळं जमलं की पिव्हटच्या आट्यावर निळं थ्रेडलॉकर, टाचणीच्या टोकाएवढं. बेअरिंगला ते लागू देऊ नका. टायटॅनियमवर ते सावकाश घट्ट होतं, म्हणून चाकू एक दिवस तसाच ठेवा. मुठीच्या बारीक स्क्रूंना जांभळं, कमी ताकदीचं वापरलंत तर पुढच्या वेळी ते सहज निघतील.

खोलायचं नसेल तर: चाकू अर्धा उघडून पिव्हटच्या फटीत अल्कोहोल सोडा, दहा-बारा वेळा उघडझाप करा, काळं पाणी निघेल ते पुसा, स्वच्छ येईपर्यंत करा, वाळवा, एकेक थेंब तेल. पावसाळ्यात महिन्याला एकदा एवढं पुरतं.

लॉक चिकटण्याचं कारण वेगळं आहे. टायटॅनियमचा मिश्रधातू मऊ, कठीणपणाच्या मापात साधारण ३६ रॉकवेल. पात्याचं पोलाद ६० च्या पुढे. मऊ धातू कठीण धातूवर घासला की त्याचे सूक्ष्म कण चिकटतात आणि लॉक सोडताना 'टक्' असा अडकल्यासारखा आवाज येतो. दमट हवेत वाळलेल्या घामाचा थर त्यात भर घालतो. लॉकचं तोंड आणि पात्याचा मुळाकडचा उतार दोन्ही अल्कोहोलने पुसा, मग उतारावर २बी पेन्सिल घासा आणि वीस-तीस वेळा उघडझाप करा. ग्राफाइट कोरडं आहे, ते चिकटणं थांबवतं आणि लॉक घसरू देत नाही. इथे तेल कधीच नको, कारण तेलाने लॉक सरकू शकतो आणि पातं बोटांवर येतं. कानस किंवा पॉलिश पेपर लावून लॉकचं तोंड 'गुळगुळीत' करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या तोंडाचा उतार काही अंशांच्या हिशेबाने कापलेला असतो, तो एकदा गेला की परत येत नाही. लॉकच्या पट्टीच्या टोकाला पोलादाचा तुकडा जडवलेल्या चाकूत हा त्रास मुळातच कमी असतो.

नव्या चाकूत लॉकची पट्टी पात्याच्या मुळाच्या रुंदीच्या ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जाऊन थांबते. वापराने ती हळूहळू पुढे सरकते, त्यात काळजीचं काही नाही. पलीकडच्या मुठीला टेकली आणि पातं वर-खाली हलू लागलं की मात्र चाकू दुरुस्तीचा झाला. लॉक तपासायचा तर पात्याच्या पाठीवर अंगठ्याने बेताचा दाब द्या, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून. टेबलावर पाठ आपटून दाखवणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. त्यातून लॉकची खात्री होत नाही, लॉकचं तोंड तेवढं ठेचतं. बंद करताना पट्टी गरजेपेक्षा जास्त बाहेर ढकलायची सवयही मोडा. जिथे ती वाकते तिथला धातू दीड मिलिमीटरच्या आसपासच असतो.

आता धार. दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे हा चाकू देऊ नका. विळी, कात्री, साधी सुरी यासाठी तो माणूस उपयोगाचा आहे आणि त्याचं काम तो चोख करतो. पण कोरड्या चाकावर ०.३ मिलिमीटरची कड क्षणात तापते. निळसर रंग दिसला म्हणजे कड ३०० अंशांच्याही बरीच वर गेली. तिथलं पोलादाचं पाणी उतरलं. रंग न दिसताही कड मऊ पडू शकते, आणि मग 'एवढं महाग पोलाद, पण धार टिकत नाही' असं वाटायला लागतं.

दुसरं नुकसान जाडीचं, आणि ते कायमचं. २२ मिलिमीटर रुंद पातं, पाठीला ३ आणि धारेमागे ०.३ असेल, तर रुंदीतला एक मिलिमीटर झिजला की धारेमागची जाडी ०.४२ होते. म्हणजे ४० टक्के वाढ. तोच चाकू सफरचंद कापायचा बंद होऊन फोडायला लागतो. म्हणून सहाण कमी आणि हलकी.

एम३९० हे ऑस्ट्रियातल्या बोलरचं, भुकटीपासून बनवलेलं पोलाद: कार्बन १.९ टक्के, क्रोमियम २०, व्हॅनेडियम ४. व्हॅनेडियमचे कण साध्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण असतात. दगड त्यांना कापत नाही, त्यांच्या भोवतालचं पोलाद तेवढं उकरतो. यासाठी हिऱ्याची प्लेट घ्या, ६०० आणि १००० दाण्याची (आकडा मोठा तितका दाणा बारीक). खाच पडली असेल तरच ४०० ला हात लावा. कोन एका बाजूला १७ अंश ठेवा. नजरेने कोन धरणं कठीण जातं, त्यापेक्षा उंचीने धरा: २२ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ प्लेटपासून साडेसहा मिलिमीटर उचलली की १७ अंश होतात, साडेसात उचलली की २०. एक-एक रुपयाची नाणी रचून ती उंची आधी डोळ्यांत भरून घ्या. कडेला काळा मार्कर फासा आणि दोन घास मारून पाहा. शाई अगदी टोकापर्यंत गेली तर कोन बरोबर, टोकाला तशीच राहिली तर पाठ जास्त खाली आहे.

दाब फक्त पात्याच्या वजनाएवढा, प्लेटवर पाण्याचे दोन-चार थेंब. एका बाजूने घासत राहा. दुसऱ्या बाजूला अंगठ्याच्या नखाला सगळ्या लांबीभर बर (कडेला उठणारी पोलादाची बारीक मुरड) लागली की बाजू बदला, मग आलटून पालटून एकेक घास, दाब कमी करत. ही बर पूर्ण न काढणं हीच धार लवकर जाण्याची सगळ्यात मोठी चूक आहे: पहिल्या दिवशी चाकू वस्तऱ्यासारखा वाटतो, कारण कापत असते ती उभी राहिलेली बर, आणि दुसऱ्या दिवशी ती वाकते. शेवटी चामड्याच्या पट्टीवर १ मायक्रॉनची हिरापेस्ट लावून प्रत्येक बाजू दहा वेळा, पाठीकडे ओढत. दिव्याखाली कड वर करून धरा. चकाकणारी रेघ किंवा ठिपका दिसला तर तिथे धार नाही. रोजच्या वापरात प्लेटची गरज काही महिन्यांनीच पडेल, मधल्या काळात चामडं पुरतं.

काय कापू नये हे पातळ पातं स्वतःच सांगतं. दोरी, पॅकिंगची पट्टी, पुठ्ठा, फळं, पेन्सिल, यासाठी याच्याइतकं सुख नाही. नारळ, सुपारी, डब्याचं झाकण उचकटणं, हाडाला लागून मांस, याला हात लावू नका. टोक आडवं पिरगळलं की तुटतं. कैरी किंवा लिंबू कापल्यावर पाण्याने धुऊन लगेच पुसा. एम३९० ला फारसं काही होणार नाही, पण मुठीत गेलेला आंबट रस बेअरिंगपर्यंत पोचतो. पातं डी२ चं असेल, आणि स्वस्त आवृत्त्यांत बहुधा तेच असतं, तर क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असल्याने रात्रीत करडे डाग उठतात.

ठेवायला चामड्याचं म्यान पावसाळ्यात नको. चामडं ओल धरतं आणि त्यातला टॅनिनचा अंश पोलादाला डाग पाडतो, वर बुरशी. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात केशरी सिलिका जेलची पुडी. दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा केशरी होतात.

आता खिशात घेऊन फिरण्याचं. शस्त्र नियम २०१६ मध्ये चाकूंसाठी ९ इंच लांबी किंवा २ इंच रुंदी ही मर्यादा आहे, आणि घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती तिच्यातून वगळलेली आहेत. तुमचं पातं साडेतीन इंचांच्याही आत आहे, त्यामुळे बाळगण्याला परवान्याचा प्रश्न येत नाही. पण गोष्ट इथे संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त मनाई आदेश काढतात, त्यात सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगायलाही बंदी असते, आणि ठाणे व नवी मुंबई आयुक्तालयांत सण, मोर्चे, निवडणुकांच्या आगेमागे असे आदेश वारंवार निघतात. त्या दिवसांत चाकू घरीच. एरवीही लोकलच्या गर्दीत, मॉलच्या तपासणीत, न्यायालयात हा चाकू काढून दाखवायची वेळ आणू नका. बघणाऱ्याच्या लेखी खटक्यात उघडणारं प्रत्येक पातं रामपुरीच असतं. रामपुरीत स्प्रिंग पातं फेकते, तुमच्यात बोटाचा जोर आणि डिटेंट, हा फरक नाक्यावर समजावत बसण्यात अर्थ नाही.

येऊरला जाताना विशेष ध्यान ठेवा. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र आत नेता येत नाही. विमानात केबिनच्या सामानात चालत नाही, चेक-इनमध्ये ठेवा. दिल्लीला नेऊच नका. तिथे १९८० च्या अधिसूचनेने कोणत्याही यांत्रिक युक्तीने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या, ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठ्या पात्यांवर बंधन आहे, आणि तुमचा चाकू दोन्ही मापांत बसतो. रशियात विकल्या जाणाऱ्या चाकूसोबत 'हे शस्त्र नाही' अशा आशयाचा तपासणीचा कागद येतो. तो जपून ठेवा, चाकू विकताना मोल वाढवतो, पण इथल्या पोलिसांसमोर त्याला काही अर्थ नाही.

शेवटचं, तुमचा चाकू अस्सल आहे का. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातला कारभार थांबवला, तेव्हापासून तिथून थेट मागवणं अवघड झालं आणि नकलांचं फावलं. नकलेत पात्यावर एम३९० कोरलेलं असतं आणि पोलाद भलतंच. साध्या दगडावर पाच मिनिटांत मोठी बर उठली तर एम३९० बद्दल शंका घ्या. मुठीच्या आतली बाजू बघा: अस्सल कामात आतल्या खाचांच्या कडाही बाहेरच्या इतक्याच स्वच्छ मारलेल्या असतात, नकलेत बाहेर पॉलिश आणि आत हत्याराचे ओरखडे. लॉकच्या पट्टीचा काप एकसारख्या रुंदीचा हवा. मूठ लोहचुंबकाला चिकटली तर टायटॅनियम नाही. स्क्रू आणि क्लिप चिकटल्या तरी चालतात. सुटे भाग मिळतील की नाही हे विकणाऱ्याला घेण्याआधीच विचारा, आणि आता चाकू खोललाच आहे तर पिव्हटचा व्यास, पिंजऱ्याचा बाहेरचा आणि आतला व्यास, गोळीचं माप कॅलिपरने घेऊन लिहून ठेवा. बहुतेकांत गोळी १.५ किंवा १.५८८ मिलिमीटरची निघते, आणि त्या मापाचे पिंजरे सुटे मागवता येतात.